ठिपका आयोडीनचा, कर्करोगाचा कशावरून?

थायरॉइडच्या कर्करोगात ग्रंथी काढून टाकल्यावर बऱ्याच रुग्णांना किरणोत्सारी आयोडीन-१३१ देतात आणि काही दिवसांनी गॅमा कॅमेऱ्याखाली अंगभर स्कॅन करतात. गळ्यात उरलेली थायरॉइडची पेशीजाळी उजळली तर कुणाला नवल वाटत नाही. छातीत ठिपका उमटला की मात्र ‘फुप्फुसात पसरला’ हे शब्द ओठांवर येतात. ते आवरायला हवेत, कारण त्या कॅमेऱ्याला कर्करोग दिसतच नाही, दिसते ते फक्त आयोडीन. आयोडीन पेशीत ओढून घेणाऱ्या प्रथिनाचे जनुक १९९६मध्ये संशोधकांच्या हाती लागले. हे प्रथिन काही थायरॉइडची मक्तेदारी नाही. लाळग्रंथी, जठराचे अस्तर आणि अंगावर पाजणाऱ्या आईचे स्तन यांतही ते असते. छातीच्या हाडामागची थायमस ग्रंथीही, विशेषतः तरुण रुग्णांत, कधी उजळते. गिळलेली लाळ अन्ननलिकेत रेंगाळते, जठराचा भाग छातीत सरकलेला असला तर तोही चमकतो. जुन्या क्षयाने रुंदावलेल्या श्वासनलिकांत स्राव साचून आयोडीन अडकते, आणि क्षय आपल्याकडे काही दुर्मीळ नाही. कधी तर सगळा घोळ खिशातल्या लाळ लागलेल्या रुमालाचा असतो!

यावर आक्षेप येईल, की अशी कारणे शोधत बसून खरा प्रसार निसटला तर? आक्षेप रास्त आहे. फुप्फुसात विखुरलेले अगदी बारीक कर्ककण सीटी स्कॅनमध्ये दिसत नाहीत आणि आयोडीन स्कॅनमध्ये मात्र दिसतात, विशेषतः मुलांमध्ये. म्हणून ‘सीटी साफ, म्हणजे ठिपका खोटा’ हा निष्कर्षही तितकाच उतावळा. पण पडताळणीला असा किती वेळ लागतो? पाणी पाजून, कपडे बदलून, त्वचा धुऊन पुन्हा चित्र घेणे त्याच दिवशी होते. स्पेक्ट-सीटीने ठिपका नेमका कोणत्या अवयवात आहे ते कळते. रक्तातले थायरोग्लोब्युलिन मोजले तर थायरॉइडच्या पेशी कुठे तग धरून आहेत का याचा अंदाज येतो; मात्र काही रुग्णांत त्याविरुद्धची प्रतिपिंडे हा आकडा फसवा करतात, तेव्हा एकट्या त्याच्यावर विसंबता येत नाही. ‘शंका आहे तर आणखी एक डोस देऊन टाका’ हा युक्तिवाद वरवर सावध वाटतो. पण थायमसला किंवा अन्ननलिकेतल्या लाळेला दिलेल्या डोसाने बरे काहीच होत नाही, आणि कोरडे तोंड व सुजलेल्या लाळग्रंथी रुग्णाच्या वाट्याला येतात.