बीपीसाठी अमिनो ॲसिडची पावडर? आधी हा भाग ऐका

मागच्या भागानंतर एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. तो जिमला जाण्याआधी एल-आर्जिनिनची पावडर घेतो. डब्यावर लिहिलंय की याने रक्तवाहिन्या मोकळ्या होतात. त्याचा प्रश्न असा, की बाबांना बीपी आहे, मग त्यांनाही रोज एक चमचा दिला तर?

उत्तर आधीच सांगतो: देऊ नकोस. पण का, ते ऐकण्यासारखं आहे, कारण डब्यावरचं वाक्य अगदीच खोटं नाहीये.

आपण डाळ, अंडं, मासे, शेंगदाणे काहीही खाल्लं की त्यातल्या प्रोटीनचे पोटात तुकडे होतात. हे तुकडे म्हणजे अमिनो ॲसिड. त्यातलंच एक आर्जिनिन. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरातल्या पेशी आर्जिनिनपासून नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू बनवतात. हा वायू वाहिनीभोवतीच्या स्नायूला सांगतो, ‘सैल हो.’ वाहिनी रुंदावते, दाब उतरतो. छातीत दुखलं की आजोबा जिभेखाली सॉर्बिट्रेटची गोळी ठेवतात ना? तीसुद्धा शरीरात हाच वायू सोडते. या शोधासाठी १९९८ साली फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या तिघांना नोबेल मिळालं.

मग आर्जिनिन वाढवलं की बीपी कमी, इतकं सोपं? थोडंफार हो. २०११ मध्ये ११ छोट्या चाचण्यांचे आकडे एकत्र करून पाहिले गेले. एकूण माणसं ३८७. वरचं बीपी सरासरी ५ पॉइंटच्या आसपास उतरलं. पण या चाचण्या काही आठवड्यांच्या, फार तर काही महिन्यांच्या होत्या. त्यावरून वर्षानुवर्षं घेण्याची हमी देता येत नाही.

आता दुसरी बाजू, जी डब्यावर छापत नाहीत. अमेरिकेत हार्ट अटॅक येऊन गेलेल्या १५३ रुग्णांवर एक चाचणी झाली, २००६ मध्ये तिचे निष्कर्ष आले. अर्ध्या लोकांना नेहमीच्या औषधांसोबत दिवसातून ३ वेळा ३-३ ग्रॅम आर्जिनिन, बाकीच्यांना नुसती दिखाऊ गोळी. आर्जिनिन घेणाऱ्यांपैकी ६ जण दगावले, दुसऱ्या गटात एकही नाही. चाचणी मध्येच थांबवली. आणि ज्यासाठी हा खटाटोप केला, ते रक्तवाहिन्यांचं ताठरपणही कमी झालं नव्हतं. आकडा लहान आहे, मान्य. पण ज्या बाबांचं हृदय कसं आहे हे आपल्याला माहीत नाही, त्यांच्यावर प्रयोग कशाला? त्यात ते सॉर्बिट्रेट किंवा बीपीची गोळी घेत असतील, तर दाब एकदम खाली जाऊन चक्कर येऊ शकते.

गंमत म्हणजे तोंडाने घेतलेलं बरंचसं आर्जिनिन आतडं आणि यकृत मधल्यामधे मोडून टाकतात. त्याचं भावंड सिट्रुलिन मात्र सुटतं आणि पुढे मूत्रपिंडात त्याचं आर्जिनिन होतं. हे सिट्रुलिन पहिल्यांदा सापडलं कलिंगडात, जपानमध्ये, १९१४ साली. नावही कलिंगडाच्या शास्त्रीय नावावरूनच पडलं. ते लाल गरात असतं आणि सालीलगतच्या पांढऱ्या भागातही. तो पांढरा भाग फेकू नका, त्याची भाजी छान होते. पण दोन फोडी खाऊन बीपी उतरेल असं समजू नका, तेवढं सिट्रुलिन त्यात नसतं.

मला स्वतःला जास्त पटतो तो जेवणाचा अभ्यास. जपान, चीन, ब्रिटन आणि अमेरिकेतल्या ४,६८० लोकांच्या खाण्याचा हिशेब इंटरमॅप नावाच्या पाहणीत ठेवला होता. ज्यांच्या प्रोटीनमध्ये ग्लुटामिक ॲसिडचं प्रमाण जास्त, त्यांचं वरचं बीपी दीड ते तीन पॉइंटने कमी दिसलं. हे अमिनो ॲसिड मांसापेक्षा धान्या-डाळींच्या प्रोटीनमध्ये जास्त असतं, गव्हात तर भरपूर. म्हणजे आपली वरण-पोळी! अर्थात ही पाहणी आहे, चाचणी नाही. डाळी जास्त खाणारे लोक इतर बाबतीतही वेगळे असू शकतात. आणि ‘ग्लुटामिक म्हणजे अजिनोमोटो, मग चायनीज खाऊया’ असा जुगाड नको. अजिनोमोटोसोबत सोडियम येतं, जे बीपी वाढवतं.

तेव्हा बाबांसाठी काय? शेंगदाणे द्या, १०० ग्रॅममध्ये साधारण ३ ग्रॅम आर्जिनिन असतं. मूठभर पुरेत, पण खारे नकोत, भाजलेले. डाळ, उसळ रोज असू द्या. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा. त्यात पापड, लोणचं, फरसाण सगळं आलं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डाळ-प्रोटीन किती, हे डॉक्टरांना विचारूनच. बीपीची गोळी चालू आहे ती चालूच राहील. आणि घरात कोणी आधीपासून अशी पावडर घेत असेल, तर पुढच्या तपासणीला डबाच सोबत न्या. मागच्या लेबलवर इतरही बरंच काही मिसळलेलं असतं, कॅफिनसुद्धा.

पुढच्या भागात त्याच लेबलबद्दल बोलू. तोपर्यंत तुमचे प्रश्न पाठवत राहा.