ट्रॅक्टरचे वंगण

बैलगाडीच्या आसाला वंगण नसले, की चाक कुरकुरते. साऱ्या गावाला ऐकू येते. ट्रॅक्टर असा बोलत नाही. त्याचे स्टिअरिंग हळूहळू जड होते, नाहीतर ढिले पडते. आपल्यालाही त्याची सवय होते. मग एके दिवशी भरली ट्रॉली कालव्याच्या वळणावर येते, आणि पुढची चाके वेळेवर वळत नाहीत!

हे टाळणे आपल्या हाती आहे. पुढच्या चाकांच्या सांध्यांवर बोंडासारखे लहान निपल असतात. आधी इंजिन बंद करू, ब्रेक लावू. मग निपल फडक्याने पुसू. न पुसल्यास ग्रीसबरोबर माती आत जाते अन् सांधा खाते. नंतर पंपाने ग्रीस भरू. जुने काळे ग्रीस बाहेर पडून नवे दिसू लागले, म्हणजे पुरे. चिखलणी केली, तर त्याच संध्याकाळी ग्रीस द्यावे.

एवढे करूनही स्टिअरिंग ढिलेच राहिले, तर सांधा झिजला असे समजावे. ग्रीसने झीज भरत नाही. मिस्त्रीला दाखवावे.

किती तासांनी ग्रीस द्यायचे, हे ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत छापलेले असते. ती पेटीतून बाहेर काढू या. आता आपल्याला वाचता येते ना?