हात छान आहे, पण वजन कुठे आहे?

गेल्या दिवाळीतली गोष्ट. पाडव्याचा फराळ आटोपून आम्ही मंडळी सोप्यात गप्पा मारीत बसलो होतो. माझा भाचा एका कोपऱ्यात मांडीवर काळी पाटी घेऊन काहीतरी गिरवीत होता. पाटी म्हणजे आपली शाळेतली दगडी पाटी नव्हे; विजेवर चालणारी, काचेची, लेखणी टेकवली की जिच्यावर रंग उमटतो अशी. तिला टॅब्लेट म्हणतात. मुलगा इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, पण वेड चित्रांचे. हे वेड त्याच्यात माझ्याकडून आले, अशी आमच्या घरात एकट्या माझीच समजूत आहे. कारण तीस वर्षे मी सोलापुरातल्या एका शाळेत चित्रकला शिकवली.

“मामा, बघा की जरा,” म्हणून त्याने पाटी माझ्यापुढे धरली.

चित्र होते आमच्या सिद्धेश्वराच्या यात्रेतल्या एका नंदीध्वज धरणाऱ्याचे. अंगात पांढरीशुभ्र बाराबंदी, हातात आभाळाला भिडणारी काठी, मागे संध्याकाळचे तांबूस आकाश. एका गोष्टीतले पात्र म्हणून त्याने हा माणूस कल्पिला होता. महिनाभर तो त्यावर खपत होता, हे मला मागाहून कळले.

मी चष्मा पुसला, चित्र पाहिले, आणि तीस वर्षांची सवय तोंडातून बाहेर पडली, “पाय चुकलेत.”

त्याची आई म्हणाली, “काय छान काढलंय की रे!” आणि चकलीचे ताट पुढे सरकवले. भाच्याने पाटी मिटली. पुढे संक्रांतीला तिळगूळ द्यायला आला तेव्हा मी सहज विचारले, “नवीन काय काढलंस?” तो म्हणाला, “सोडून दिलं, मामा.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी खोटे बोललो नव्हतो. पाय खरोखरच चुकले होते. परंतु खरे बोलूनही मी त्या मुलाच्या हाती काहीच दिले नव्हते. आणि त्याच्या आईने तरी काय दिले? ‘छान’ या शब्दाने पोराचे मन राखले, पण चित्र होते तिथेच राहिले. एकाच क्षणी आम्ही बहीण-भावांनी दोन्ही तऱ्हांनी त्याला रिकाम्या हाताने परत पाठवले होते.

नवी पाटी, जुने डोळे

वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी असे एखादे पोर असेलच. पडद्यावरचे खेळ, चलच्चित्रे, चित्रकथा यांसाठी माणसे उभी करण्याचा हा उद्योग आहे. पूर्वी त्याला कागद, कुंचला आणि रंगांचा खर्च लागे. १९९० साली फोटोशॉप नावाची संगणकप्रणाली बाजारात आली. १९९४ मध्ये तिच्यात ‘लेयर’ म्हणजे एकावर एक पारदर्शक कागद ठेवावेत तसे थर करण्याची सोय झाली, आणि चित्रकाराला चूक पुसण्याची भीती उरली नाही. आता तर क्रिटासारखी प्रणाली फुकट मिळते.

पात्रचित्र आणि व्यक्तिचित्र यांत मात्र एक फरक आहे, आणि तो ध्यानात घेतल्याशिवाय अभिप्राय देऊ नये. व्यक्तिचित्रात आपण विचारतो, ‘हे आमच्या अण्णांसारखे दिसते का?’ पात्रचित्रातला माणूस कुणी पाहिलेलाच नसतो. तिथे विचारायचे ते असे की, ‘हा माणूस खरा वाटतो का? त्याचे वय, त्याचा धंदा, त्याचा स्वभाव, आत्ता त्याच्यावर आलेली वेळ, हे सारे त्याने तोंड न उघडता मला कळते का?’ म्हणून पहिला प्रश्न दोष कुठे आहे हा नव्हे. ‘तुला काय दाखवायचे आहे?’ हा. मी तो विचारलाच नव्हता.

दोष हुडकण्याच्या युक्त्या मात्र जुन्याच आहेत. भाचा एक कळ दाबून चित्राची डावी बाजू उजवीकडे करतो, की वाकडे झालेले तोंड चटकन दिसते. लिओनार्दो दा व्हिंची यानेही चित्रकारांना आपले चित्र आरशात पाहायला सांगून ठेवले आहे. भाचा सगळे रंग काढून चित्र काळेपांढरे करतो. आम्ही डोळे किलकिले करून तेच साधत असू. तो चित्र बोटाएवढे लहान करून पाहतो. सिनेमाचे फलक रंगवणारे कारागीर रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर उभे राहात. आमच्याच जिल्ह्यात, पंढरपुरात जन्मलेले म. फ. हुसेन यांनीही उमेदीच्या काळात मुंबईत सिनेमाचे फलक रंगवले होते. फलकावरचा नायक चौकातून जाणाऱ्या टांगेवाल्याला ओळखू आला पाहिजे, ही त्या धंद्याची परीक्षा असे.

चांभार आणि चित्रकार

थोरल्या प्लिनीने ग्रीक चित्रकार अपेलीझ याची एक गोष्ट सांगितली आहे. हा अपेलीझ अलेक्झांडरच्या काळातला. तो आपले चित्र लोकांपुढे मांडी आणि आपण मागे लपून त्यांचे बोलणे ऐके. एका चांभाराने चित्रातल्या वहाणेचा बंद चुकल्याचे दाखवले. अपेलीझने तो सुधारला. दुसऱ्या दिवशी चांभाराला चेव आला आणि तो पायावरही टीका करू लागला. तेव्हा चित्रकार बाहेर येऊन म्हणाला, वहाणेच्या वर जाऊ नकोस!

ही गोष्ट सांगून लोक नेहमी चांभाराला हसतात. मला वाटते, तिच्यातला पहिला दिवस अधिक मोलाचा आहे. जगातला एवढा मोठा चित्रकार, पण वहाणेच्या बाबतीत त्याने चांभाराचे निमूटपणे ऐकले.

याच विचाराने मी यात्रा संपल्यावर भाच्याला बळेच बाहेर काढले आणि आमच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांकडे घेऊन गेलो. तरुणपणी त्यांनी बरीच वर्षे नंदीध्वज धरला आहे. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांच्या या यात्रेत सात नंदीध्वज निघतात आणि शहराभोवतीच्या अडुसष्ट लिंगांना प्रदक्षिणा घालतात. ती उंच, जड काठी तोलायची म्हणजे आधी सराव करावा लागतो; नुसत्या भक्तीवर ती उभी राहात नाही.

अप्पांनी चित्र पाहिले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “हात छान काढलायस बाळ. पण वजन कुठाय?”

भाचा गप्प.

“काठी हातात नसते रे. हातात धरतो, पण ओझं कमरेत येतं, तिथनं पायात उतरतं. हा तुझा माणूस फोटो काढायला उभारल्यासारखा उभारलाय.” आणि ऐंशीच्या घरातला तो माणूस उठला, गुडघे किंचित वाकवले, पावले फाकली, मान वर केली. हातात काही नव्हते, तरी आम्हा दोघांना काठी दिसली!

वाचकहो, मी म्हटले होते ‘पाय चुकलेत’. अप्पांनी सांगितले तेही पायांविषयीच. पण माझे वाक्य म्हणजे शिक्षा होती, त्यांचे म्हणजे वाट होती. काय साधले आहे ते त्यांनी आधी सांगितले, काय साधले नाही ते नेमक्या जागेवर बोट ठेवून सांगितले, आणि का ते करून दाखवले. चित्रकलेतले त्यांना काही कळत नाही, असे ते स्वतःच म्हणतात.

टोचलेली पट्टी

आणखी एक धडा मला सोलापूरच्या मागांनी दिला. इथल्या चादरीवरची नक्षी आधी चौकटीच्या कागदावर उतरवतात. एक चौकट म्हणजे ताण्या-बाण्याची एक गाठभेट. त्या कागदावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोके पाडायची आणि त्या पट्ट्यांची माळ जेकार्डवर चढवायची, ही जुनी रीत. मोराची मान वाकडी झाली असेल तर ती कागदावर असताना सांगावी. खोडरबराने काम भागते. पट्ट्या टोचून झाल्यावर सांगणाऱ्याचे म्हणणे कितीही खरे असो, त्याचा उपयोग थोडा आणि संताप फार.

चित्राचेही तसेच आहे. माणूस कसा उभा आहे, वजन कुठे आहे, प्रकाश कोणीकडून येतो, हे पहिल्या कच्च्या रेखाटनावर बोलायचे. बटण, दागिने, कापडाची चुणी, हे शेवटी. महिनाभर बाराबंदीच्या बंदांवर खपलेल्या मुलाला शेवटच्या दिवशी पाय चुकल्याचे सांगणे म्हणजे विणून झालेली चादर उसवायला सांगणे. म्हणून भाच्यालाही मी सुनावले, “चित्र पुरे झाल्यावर का दाखवतोस? अर्धे असताना आण.” अर्धे चित्र दाखवायला धीर लागतो, हे खरे. पण तोच धीर महिनाभराची मेहनत वाचवतो.

ऐकणाऱ्याचे काम

टीका ऐकणे ही तर देण्याहून अवघड कला. आपले चित्र दुसऱ्यापुढे ठेवले की पहिली ऊर्मी खुलासा करण्याची येते: ‘ते मी मुद्दामच तसे केले आहे.’ परंतु चित्र खेळात किंवा पुस्तकात जाईल तेव्हा खुलासा करायला चित्रकार बरोबर जाणार नाही. म्हणून आधी गप्प बसावे. मग विचारावे, ‘तुमची नजर प्रथम कुठे गेली? हा माणूस काय करतो आहे असे वाटले?’ तिघांची नजर एकाच जागी अडखळली तर तिथे काहीतरी बिघडले आहे हे धरून चालावे, मग त्या तिघांनी सुचवलेले उपाय तीन तऱ्हांचे का असेनात.

पण सगळ्यांचेच ऐकावे असे मात्र नाही. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि त्यांच्या देवदेवता घरोघरच्या भिंतींवर गेल्या. पुढे आनंद कुमारस्वामींसारख्या जाणत्या टीकाकाराने त्या चित्रांना नाटकी ठरवले. ती टीका विचार करण्याजोगी आहे; पण ती करणाऱ्याला मुळात निराळ्या जातीचे चित्र हवे होते. आपले चित्र सुधारायला सांगणारा कोण आणि आपल्याला दुसरेच चित्र काढायला लावणारा कोण, हे ज्याचे त्याने ओळखावे.

नव्या पाटीने एक मोहही आणला आहे. दुसऱ्याच्या चित्रावर नवा थर टाकून ‘हे बघ, असे हवे’ म्हणून रंगवून देणे आता दोन मिनिटांचे काम झाले आहे. विचारून केले तर त्याने शंभर शब्द वाचतात. न विचारता केले तर ते दुसऱ्याच्या ताटातला घास आपण खाण्यासारखे आहे. दाखवून झाले की तो थर पुसावा, आणि ज्याचे चित्र त्यालाच करू द्यावे. शाळेत पोरांच्या चित्रांवर मी तांबडी पेन्सिल कितीदा चालवली, हे आठवले की आता संकोच वाटतो.

भाच्याने नंदीध्वजाचे चित्र उन्हाळ्याच्या सुटीत पुन्हा काढायला घेतले. तीन वेळा कच्चे रेखाटन घेऊन तो अप्पांकडे गेला. तिसऱ्या वेळी अप्पा नुसते म्हणाले, “आता दमला बघ गडी.” एवढीच त्याची पदवी.

मीही गेल्या महिन्यात फार वर्षांनी कुंचला हाती धरला. भुईकोट किल्ल्याचा बुरूज आणि त्याच्या सावलीत बसलेली एक म्हातारी, असे जलरंगातले चित्र केले आणि मोठ्या हौसेने भाच्यापुढे ठेवले. त्याने ते बराच वेळ पाहिले. मग अदबीने विचारले, “मामा, तुम्हाला यात काय दाखवायचं होतं?”

खोटे कशाला सांगू? कानशिले तापली. खुलासा ओठांवर आला. पण तो मी गिळला, चष्मा पुसला, आणि त्याच्याच शेजारी सतरंजीवर बसून म्हटले, “आधी तू सांग. तुझी नजर कुठे गेली?”