नातसुनेची फाईल

नातवाने भारतातल्या मुलीशी लग्न केले की घरात आनंद. पण मिसराद हापनीमच्या मुलाखतीचे नाव काढताच धाकधूक! आम्ही परिचारिकांनी जन्मभर केसपेपर सांभाळले, म्हणून सांगतो: जन्माचा व पोलिसांचा दाखला भारतातूनच अपोस्टिल करून आणावा. २००५ पासून तिथे ती सोय आहे. पासपोर्ट आणि दाखल्यांतले नाव अक्षर न् अक्षर पडताळा. भाडेकरार, पत्रे, फोटो एकत्र ठेवा. मुलांनो, फोटोंमागे तारखा तुम्ही लिहा! आजी-आजोबांनी ओळखीचे पत्र द्यावे. नवरा-बायकोला वेगवेगळे बसवून विचारतात. उत्तरे घोकू नका, आठवत नसेल तर तसे सरळ सांगा. नागरिकत्वाला पुढे काही वर्षे लागतात, तेव्हा फाईल जपून ठेवा.