कंपवात : लक्षणे तीच, कारणे वेगळी

'कंपवात कसा ओळखतात?' असे वर्गात विचारले, तर 'हात थरथरतो' हे उत्तर हमखास येते. परंतु कंपवाताच्या काही रुग्णांचा हात थरथरत नाही. आणि हात थरथरणाऱ्या प्रत्येकाला कंपवात असतोच असेही नाही. मग निदान किती खात्रीचे?

जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टरांनी १८१७ साली केवळ सहा रुग्णांवरून या विकाराचे वर्णन केले. मंद हालचाली, स्नायूंचा ताठरपणा व कंप ही याची मुख्य लक्षणे. पण ती का उद्भवतात?

आपण टपालाचे उदाहरण घेऊ. मध्यमेंदूतील 'सबस्टॅन्शिया नायग्रा' या काळसर भागातील पेशी म्हणजे पत्र लिहिणारे. डोपामीन हे रसायन म्हणजे पत्र. ते मेंदूच्या 'स्ट्रायटम' या भागातील पेशींकडे जाते व तेथील ग्राहक रेणूंच्या पेटीत पडते. खऱ्या कंपवातात पत्र लिहिणारेच कमी होतात. लेव्होडोपा हे औषध दिले की त्यापासून मेंदूत डोपामीन तयार होते आणि रुग्णाला चांगला आराम पडतो. 'मल्टिपल सिस्टिम अॅट्रफी'सारख्या विकारांत मात्र पत्र घेणाऱ्या पेशीही नष्ट होतात. म्हणून तेथे हे औषध फारसे लागू पडत नाही. तिसरा प्रकार औषधांमुळे होतो. मनोविकारावरील अनेक औषधे, तसेच उलटीवरील मेटोक्लोप्रमाइड व चक्करेवरील सिनारिझिन ही पेटीचे तोंडच बंद करतात.

बाहेरून तिन्ही रुग्ण सारखेच दिसू शकतात. १९९२ साली लंडनमधील संशोधकांनी, हयातीत कंपवाताचे निदान झालेल्या १०० जणांचे मेंदू मृत्यूनंतर तपासले. निदान बरोबर ठरले ७६ जणांचे! त्याच गटाच्या २००१ सालच्या पाहणीत हा आकडा ९० वर गेला.

यंत्राने प्रश्न सुटत नाही का? डोपामीन वाहक रेणूंचे चित्र घेणारी तपासणी आज उपलब्ध आहे. पण ती पत्र लिहिणाऱ्यांचीच मोजदाद करते. त्यामुळे औषधजन्य विकार सहसा वेगळा ओळखता येतो. पहिल्या दोन प्रकारांतील फरक मात्र तिला सांगता येत नाही. म्हणून अनुभवी डॉक्टर रुग्णाला पुन्हा पुन्हा तपासतात, औषधाचा परिणाम पाहतात आणि गरज पडल्यास आपले निदान बदलतात.

हा फरक केवळ पुस्तकी नाही. औषधजन्य प्रकार वेळीच ओळखला, तर ते औषध थांबवल्यावर बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत वा महिन्यांत सुधारतात. ओळखला नाही, तर एका औषधाच्या दुष्परिणामावर दुसरे औषध सुरू राहते. अर्थात औषध स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नये. घरातील कोणाच्या हालचाली मंदावल्या असतील, तर डॉक्टरांकडे जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी बरोबर न्यावी. चक्करेची साधी गोळीही त्या यादीत असू द्यावी.