‘स्मोकर’ या एका शब्दाने निदान बदलतं, ते कसं?

डोंबिवली-कल्याणहून ठाण्याला गाडी बदलून ऐरोलीला जाणाऱ्यांत तुमच्या ओळखीचं कुणीतरी मेडिकल कोडिंग करणारं असेलच. अमेरिकेतल्या रुग्णांचे कागद वाचायचे आणि निदानाला कोड द्यायचा, हे काम. त्यांना विचारून बघा: डॉक्टरांनी नुसतं ‘स्मोकर’ लिहिलं तर कोड कोणता? एफ१७.२००, म्हणजे निकोटिनचं अवलंबित्व. सिगारेटचा उल्लेख असेल तर एफ१७.२१०. आणि ‘टोबॅको यूज’ लिहिलं असेल तर? झेड७२.०. म्हणजे फक्त वापर, अवलंबित्व नाही.

माणूस तोच, सिगारेटी तेवढ्याच! अमेरिकी आवृत्तीची अनुक्रमणिकाच ‘स्मोकर’ला थेट अवलंबित्वाकडे पाठवते. कोडर स्वतःहून निदान करू शकत नाही, कागदावर असेल तेच धरायचं. त्यामुळे उद्या असा डेटा तुमच्या हातात आला, तर ‘अवलंबित्व’ या रकान्यात निम्मी गोष्ट डॉक्टरांच्या शब्दसवयीची असू शकते, हे धरूनच चाला.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मूळ आयसीडी-१० मध्ये एफ१७.२ इतकं स्वस्त नाही. तीव्र ओढ, ताबा न राहणं, बंद केल्यावर त्रास, मात्रा वाढत जाणं, बाकीच्या गोष्टी मागे पडणं, अपाय दिसूनही चालू ठेवणं; या सहापैकी किमान तीन गेल्या वर्षभरात एकत्र दिसायला हव्यात. केसपेपरवर ‘धूम्रपान: हो’ एवढंच असेल, तर यातलं काहीही कळत नाही.

मग आपण फागरस्ट्रॉम चाचणीकडे वळतो. १९९१ ची, सहा प्रश्नांची, दहा गुणांची. उठल्यावर पाच मिनिटांत पहिली सिगारेट, तर तीन गुण. तासाभरानंतर, तर शून्य. आता आपल्याकडचं घर डोळ्यांपुढे आणा. दोन खोल्या, घरात आईवडील, लहान मूल. पहिली सिगारेट स्टेशनबाहेरच्या टपरीवरच पेटणार. गुण कमी पडले, पण ओढ कमी होती का? माझ्या मते इथे ‘घरात ओढता येते का?’ हा जादा प्रश्न विचारायलाच हवा. गुणांत मिसळू नका, वेगळा नोंदवा.

‘दिवसाला किती पाकिटं?’ असंही विचारू नका. महाराष्ट्रात सुट्या सिगारेटच्या विक्रीवर २०२० मध्ये बंदी आली, तरी हिशेब सुट्याचाच चालतो. नग विचारा.

आणि हो, तंबाखूची पुडी विसरू नका. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के होते, धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. फक्त सिगारेट विचारली, तर मिश्री आणि मळलेली तंबाखू नोंदीबाहेरच राहते.

‘सोडली’ असं उत्तर आलं तर शेवटची कधी ओढली तेही लिहून घ्या. अमेरिकी कोडिंगमध्ये ‘पूर्वी होतं’ याला झेड८७.८९१ आणि ‘अवलंबित्व, सध्या शमलेलं’ याला एफ१७.२११ मिळतो. दुसऱ्यासाठी डॉक्टरांनी तसं स्पष्ट लिहिलेलं लागतं.