वंशावळीतली बिननावाची आई

जातीच्या दाखल्यासाठी तुम्ही कधी घरातले जुने कागद धुंडाळलेत? मग हा सीन तुम्हाला पाठ असेल. ट्रंक उपसली जाते, आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला मिळतो, पणजोबांच्या नावाचा एखादा फेरफार निघतो. वंशावळ भराभर वर चढते. पण त्यात पणजी कुठेय? तिचं नाव तरी तुम्हाला माहितीय?

मला हा प्रश्न पडला तो साडेतीनशेहून जास्त वर्षांपूर्वीच्या एका बाईबद्दल वाचताना. एलिझाबेथ की तिचं नाव. अमेरिका तेव्हा देश नव्हता आणि व्हर्जिनिया ही इंग्रजांची वसाहत होती. तिथे 1630 च्या सुमारास ती जन्मली. वडील थॉमस की हे इंग्रज मळेवाले, वसाहतीच्या विधानसभेचे सदस्य. आई आफ्रिकन, गुलाम.

1636 मध्ये वडिलांनी तिला हम्फ्री हिगिन्सन यांच्याकडे नऊ वर्षांच्या कराराने चाकरीला ठेवलं. मुदत संपली की ती मोकळी, असं ठरलं होतं. त्याच वर्षी वडील वारले. पुढे ती कर्नल जॉन मॉट्रम यांच्या ताब्यात गेली. नऊची जवळपास एकोणीस वर्षं झाली. 1655 मध्ये मॉट्रम वारले आणि त्यांची मालमत्ता सांभाळणाऱ्यांनी तिची गणती थेट गुलामांत केली. तिच्या तान्ह्या मुलाचीसुद्धा!

एलिझाबेथ कोर्टात गेली. तिची बाजू मांडली विल्यम ग्रिन्स्टेडने. हा इंग्रज तरुण तिच्या मुलाचा बाप होता. मुद्दे तीन होते. इंग्रजी रिवाजानुसार मुलाचा दर्जा बापावरून ठरतो आणि तिचा बाप स्वतंत्र इंग्रज होता. तिचा बाप्तिस्मा झालेला होता. आणि कराराची मुदत कधीच उलटून गेली होती.

पण बाप कोण, हे सिद्ध कसं करायचं? एका साक्षीदाराने तर बाप दुसराच कुणी असल्याची उडती बातमी कोर्टात सांगितली. तेव्हा कामी आली एलिझाबेथ न्यूमन नावाची म्हातारी. वय सुमारे 80. गुलाम बाईला दिवस गेले म्हणून थॉमस कीला दंड झाला होता आणि ते मूल म्हणजे हीच एलिझाबेथ, अशी साक्ष तिने दिली. बघा ना, एका आजीच्या आठवणीवर एका बाईचं अख्खं आयुष्य टांगलेलं होतं.

ज्यूरीने एलिझाबेथला मुक्त ठरवलं. वरच्या कोर्टाने निकाल फिरवला. मग प्रकरण विधानसभेपर्यंत गेलं आणि 1656 च्या जुलैमध्ये ती अखेर सुटली. त्यानंतर तिने विल्यमशी रीतसर लग्न केलं.

हॅपी एंडिंग? थांबा. 1662 मध्ये व्हर्जिनियाने नवा कायदा केला. मुलाचा दर्जा यापुढे आईवरून ठरणार. म्हणजे मळेवाल्याला गुलाम बाईपासून मूल झालं, तर तेही गुलामच. एलिझाबेथ ज्या दारातून बाहेर पडली, ते दार सहा वर्षांत बंद झालं. इतर वसाहतींनीही हाच नियम उचलला.

आता यातली खरी मेख बघा. आईवरून पिढ्यानपिढ्यांचं नशीब ठरवणाऱ्या त्या समाजात गुलाम आईचं नाव लिहून ठेवायची गरज मात्र कुणाला वाटली नाही. एलिझाबेथच्या केसचे कागद आजही आहेत. त्यात बापाचं नाव आहे, मालकांची आहेत, साक्षीदारांचीही आहेत. आईचं नाही. कृष्णवर्णीय अमेरिकन कुटुंबांना आपलं मूळ शोधताना हीच अडचण येते. 1850 आणि 1860 च्या जनगणनेत गुलामांची नोंद मालकाच्या नावाखाली फक्त वय, लिंग आणि रंग अशी आहे. एकेकाळी गुलाम असलेल्या सगळ्यांची नावं देशाच्या जनगणनेत आली ती थेट 1870 मध्ये. म्हणून तिथले शोधक मृत्युपत्रं, मालमत्तेच्या याद्या आणि कोर्टाच्या साक्षी चाळत बसतात. कुठेतरी एखादं नाव सापडेल, या आशेवर.

आपल्याला एवढा खटाटोप करायची गरज नाही. या वीकेंडला घरी गेलात की आजीजवळ बसा. तिच्या आईचं, तिच्या आजीचं नाव विचारा. माहेरचं गाव विचारा. आणि मोबाइलवर नुसतं रेकॉर्ड करू नका, वहीत लिहून ठेवा. न्यूमन आजींना वेळेवर कुणीतरी विचारलं होतं, म्हणून एलिझाबेथ सुटली.